इन्सुलिन चालतं, मग वांगं का नाही? (जिवाणू, जनुकबदल आणि आपलं ताट)

सुमेधा_ठाणे

आमच्या घरात एक वाद बरेच दिवस चालू आहे. दोन्ही बाजूंना नीट उत्तर सापडत नाहीये, म्हणून इथे आणते आहे.

आई मधुमेही आहे, इन्सुलिन घेते. खोक्यावर 'आर-डीएनए ओरिजिन' असं छापलेलं असतं. म्हणजे माणसाचं जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेलं इन्सुलिन. ते ती रोज विनातक्रार टोचून घेते. पण बीटी वांग्याचा विषय निघाला की म्हणते, "जिवाणूचं जनुक घातलेली भाजी माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही." भाऊ म्हणतो की तंत्र एकच आहे, मग औषधात चालतं आणि ताटात का नाही? मला आईचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही, पण का ते मांडता येत नाही.

तर प्रश्न असा, की जनुक बदललेल्या जिवाणूंचा आणि जिवाणूंच्या जनुकांचा आपल्या औषधांशी आणि खाण्याशी आजघडीला किती संबंध आला आहे? कुठे निर्धास्त राहावं आणि कुठे सावध? शेती करणारे, डॉक्टर, औषध उद्योगातले असे सगळेच इथे आहेत. अनुभव आणि माहिती दोन्ही हवं आहे.

घननीळ

वाचतोय. आमच्याकडेही हाच वाद आहे, फक्त बाजू उलट: वडील बीटीच्या बाजूने, मी विरोधात.

प्रथिन

मी औषध कंपनीत फर्मेंटेशन विभागात आहे, तेव्हा इन्सुलिनपासून सुरुवात करतो.

१९८० च्या आसपासपर्यंत जगातलं सगळं इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढलं जायचं. साधारण पाव किलो शुद्ध इन्सुलिनला दोन टनांहून जास्त अवयव लागत. कत्तलखान्याकडून किती माल येतो यावर मधुमेह्यांचं आयुष्य ठरायचं, आणि काहींना त्या इन्सुलिनची अ‍ॅलर्जीही यायची. १९७८ साली कॅलिफोर्नियात जेनेनटेक आणि सिटी ऑफ होप इथल्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची जनुकं ई. कोलाय या जिवाणूत घातली आणि त्याने इन्सुलिन बनवून दाखवलं. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. जनुक बदललेल्या जिवाणूकडून बनवून घेतलेलं ते पहिलं औषध. आपल्याकडे २००३ मध्ये वोखार्टने आणि २००४ मध्ये बायोकॉनने देशी मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. हेपेटायटिस बीच्या लशीचं तेच: शांता बायोटेकची लस १९९७ ची, यीस्टमध्ये बनवलेली. पुण्याच्या सीरमची हेपेटायटिस बीची लसही यीस्टमधलीच. इथल्या बहुतेकांच्या मुलांनी ती घेतलेली असणार.

आता महत्त्वाचा भाग. कुपीत जिवाणू नसतो. तो स्टीलच्या बंद फर्मेंटरमध्ये वाढतो, मग त्याच्या पेशी फोडतात, हवं ते प्रथिन वेगळं करतात, क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या) एकामागून एक पायऱ्यांतून शुद्ध करतात आणि प्रत्येक बॅच तपासूनच बाहेर जाते. फर्मेंटरमधून निघणारं पाणीसुद्धा किल टँकमध्ये निर्जंतुक केल्याशिवाय गटारात सोडत नाहीत. म्हणजे बदललेला जीव कारखान्यात राहतो आणि माणसापर्यंत येतं ते फक्त एक ओळखीचं प्रथिन. शेतातल्या रोपात जनुक घातलं की तो जीव उघड्यावर येतो: त्याचे पराग उडतात, बी दुसऱ्याच्या रानात जातं, त्याच्यावर जगणारी अळी बदलते. सुमेधाताई, तुमच्या आईला जाणवणारा फरक बहुधा हाच असेल.

अंजनी

यात चीजही घ्या. दूध फाटवायला पूर्वी कोवळ्या वासराच्या जठरातलं रेनेट वापरत. त्यातलं मुख्य विकर (एन्झाइम) म्हणजे कायमोसिन. १९९० मध्ये अमेरिकेने जिवाणूकडून बनवून घेतलेल्या कायमोसिनला परवानगी दिली. अन्नात वापरायला मान्यता मिळालेलं तिथलं हे पहिलं जनुकबदलाचं उत्पादन. आज तिथलं बहुतांश चीज त्याच्यावरच होतं. हिरवा ठिपका पाहून चीज घेणाऱ्या माझ्यासारख्या शाकाहारी माणसाला हे वरदान आहे. मात्र हिरवा ठिपका म्हणजे जनुकबदलच असं नाही. बुरशीपासून मिळणारं साधं मायक्रोबियल रेनेटही असतं. आणि पनीरला रेनेट लागतच नाही, लिंबू पुरतं.

चिमण

वासरू वाचलं आणि पिझ्झाही वाचला. माझं मत जिवाणूला.

तिरशिंगराव

प्रथिन, कारखान्यातलं सगळं सुरक्षित असं तुमच्या लिहिण्यातून वाटतं. त्यावर दोन गोष्टी सांगतो.

पहिली १९८९ ची, अमेरिकेतली. झोपेसाठी म्हणून लोक एल-ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेत. अचानक स्नायूंच्या भयंकर वेदना आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, असे रुग्ण येऊ लागले. दीड हजारांहून जास्त माणसं आजारी पडली, तीसहून जास्त गेली. माग काढत गेल्यावर बहुतेकांचा माल शोवा डेंको या एकाच जपानी कंपनीचा निघाला. कंपनीने उत्पादन वाढावं म्हणून जिवाणूची नवी, जनुक बदललेली जात वापरायला घेतली होती आणि त्याच सुमारास शुद्धीकरणात सक्रिय कोळशाचं प्रमाणही कमी केलं होतं. दोष जातीचा की गाळणीचा, हे आजवर निर्विवाद ठरलेलं नाही.

दुसरी गोष्ट २०१४ ची. जर्मनीत पशुखाद्यातल्या बी२ जीवनसत्त्वाची तपासणी केली तेव्हा त्यात जनुक बदललेले बॅसिलस सबटिलिस जिवाणू जिवंत सापडले. माल चीनमधून आलेला. त्या जिवाणूत क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक होतं. म्हणजे 'अंतिम मालात जिवाणू नसतो' हे कागदावर होतं, पोत्यात नव्हतं.

मी इन्सुलिनविरोधी नाही, माझे मोठे भाऊ त्यावरच आहेत. पण सुरक्षितता तंत्रातून आपोआप येत नाही. ती तपासणीतून येते, आणि तपासणी करणारं कोणीतरी नेमलेलं आणि जागं असावं लागतं.

प्रथिन

तिरशिंगराव, दोन्ही उदाहरणं खरी आहेत आणि मला मान्य आहेत. ट्रिप्टोफॅन तिकडे आहारपूरक म्हणून विकलं जायचं, औषधाचे कडक नियम त्याला लागू नव्हते. एकाच वेळी दोन बदल करायचे आणि माल सोडायचा, हे आज औषधात करता येत नाही. प्रक्रियेत बारीकसा बदल केला तरी नव्याने सगळं सिद्ध करावं लागतं. हीच शिस्त आहारपूरक गोळ्या, विकरं, जीवनसत्त्वं यांना लावा, असं मीही म्हणेन.

कोरडवाहू

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो आहे. पऱ्हाटी म्हणजे कपाशी आमच्या घरात आजोबांपासून. बीटीबद्दल शहरात बसून दोन्ही बाजूंनी बोलणारे बरेच ऐकले, म्हणून शेतातलं सांगतो.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, जमिनीतला जिवाणू. त्याचं एक जनुक कपाशीत घातलं की झाड स्वतःच अळीला मारणारं प्रथिन बनवतं. मार्च २००२ मध्ये सरकारने परवानगी दिली. त्याआधी अमेरिकन बोंडअळीने आम्हाला पार नागवलं होतं. फवारा, पुन्हा फवारा, वेगवेगळी औषधं एकत्र करून फवारा, तरी अळी मरत नव्हती. बीटी आली तेव्हा पहिली काही वर्षं खरोखर सुटल्यासारखं झालं. बोंडाच्या फवारण्या कमी झाल्या, उतारा वाढला. हे नाकारणारा माणूस त्या काळात शेतात नव्हता.

२००६ मध्ये दोन जनुकांची बोलगार्ड-२ आली. आणि गुलाबी बोंडअळी मागून शिरली. गुजरातेत एका जनुकाला ती दाद देत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झालं. पुढे दोन्ही जनुकं पचवायला शिकली. २०१७ ला विदर्भ-मराठवाड्यात कपाशीची माती झाली. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ती नावं आम्हाला माहीत आहेत. ज्या बियाण्याने फवारणी कमी होणार होती, त्याच पिकावर माणसं फवारताना मेली.

असं का झालं? बियाण्याच्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीचं वेगळं पाकीट यायचं. ते कडेने लावायचं, म्हणजे काही अळ्या विषाशिवाय जगतात आणि बीटी पचवणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर होऊन जोर कमी राहतो. हे आम्हाला कोणी समजावून सांगितलं? आमच्याकडच्या दुकानदाराने पाकीट दिलं आणि म्हणाला, फेकून द्या, जागा अडते. बांधावर अळीला खाऊ घालायला कोण कपाशी लावणार? वर पाणी असलेल्यांनी फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाली तरी पीक न उपटता पुढे राखलं, फेब्रुवारी-मार्चपर्यंत हिरवी पऱ्हाटी उभी. गुलाबी अळीला बारा महिने घर मिळालं.

आता 'चोर बीटी' आली आहे. तणनाशक मारलं तरी न मरणारी. परवानगी नाही, बिल नाही, पाकिटावर खरं नाव नाही. निंदणीला मजूर मिळत नाही, म्हणून लोक घेतात. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरून सत्याग्रह केला. बी बोगस निघालं तर दाद कुठे मागायची? कुठेच नाही.

सुमेधाताई, तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात वांगं येवो न येवो, आमची सरकी कधीच आली आहे. देशातली जवळजवळ सगळी कपाशी बीटी. तिच्या सरकीचं तेल फरसाणात, वनस्पतीत, रिफाइंड तेलात जातं. ढेप गाई-म्हशी खातात, त्यांचं दूध आपण पितो.

नाना_वाईकर

कोरडवाहू, मनापासून लिहिलंत. फरदडीचा मुद्दा इतका स्पष्ट पहिल्यांदा कळला.

सेंद्रिय_सई

वरच्या पोस्टीला जोडून. बीटी जिवाणू आम्ही सेंद्रिय शेतीवालेही वापरतो, फवारणीत. तो काही परका नाही. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशीमकिड्यांच्या रोगात सापडला, १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिंजियात पुन्हा सापडला म्हणून हे नाव. १९३८ मध्ये त्याची फवारणी फ्रान्समध्ये पहिल्यांदा बाजारात आली. डासांच्या अळ्यांसाठी पाण्यात टाकतात तीही त्याचीच एक जात.

मग मी बीटी पिकाच्या विरोधात का? फवारलेलं प्रथिन उन्हाने काही दिवसांत नाहीसं होतं. अळी दिसली तरच फवारायचं, नाही दिसली तर नाही. पिकातलं प्रथिन पान, बोंड, खोड सगळीकडे, पूर्ण हंगामभर. अळीवर सतत दाब, म्हणून ती त्याला लवकर सरावते. कोरडवाहूंनी सांगितलेलं पुढचं सगळं याच दाबामुळे घडलं. आणि अळी त्या प्रथिनाला सरावली की आमच्या फवारणीचाही उपयोग संपला. ज्यांनी बीटी बियाणं कधी घेतलंच नाही त्यांचंही हत्यार बोथट होतं, त्याची भरपाई कोण देणार?

डॉ_मानसी

आरोग्याच्या बाजूने लिहिते.

बीटी प्रथिन अळीला मारतं आणि माणसाला का नाही? अळीचं आतडं अल्कधर्मी असतं. तिथे ते प्रथिन विरघळतं, कापलं जातं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांना चिकटतं आणि पेशींना भोकं पाडतं. आपलं जठर आम्लधर्मी आहे, तिथे ते डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं आणि आपल्या आतड्यात ते ग्राहकच नाहीत. शिवाय भाजी शिजली की त्याचा आकार मोडतो. म्हणून बीटीच्या थेट विषारीपणाची भीती मला वाटत नाही.

अ‍ॅलर्जी मात्र प्रत्येक नव्या प्रथिनागणिक तपासावी लागते. सोयाबीनमध्ये पोषण वाढवायला ब्राझील नटचं जनुक घातलं होतं. १९९६ मध्ये चाचणीत निघालं की ब्राझील नटची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते सोयाबीनही सोसणार नाही. ते बियाणं बाजारात आलंच नाही. चाचणी झाली म्हणून ते कळलं.

दुसरी भीती, पिकातलं जनुक आपल्या पोटातल्या जिवाणूंत जाईल का? न्यूकॅसलमध्ये माणसांवर याचा अभ्यास झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं मोठं आतडं काढलं होतं अशा सात जणांना जनुकबदल केलेला सोया दिला. लहान आतड्यातून त्या जनुकाचे काही तुकडे पार झाले. तिघांच्या जिवाणूंत ते जनुक अगदी अल्प प्रमाणात सापडलं, पण ते प्रयोगाच्या आधीपासूनच होतं. आतडं शाबूत असलेल्यांमध्ये जनुक शेवटपर्यंत टिकलंच नाही. म्हणजे शक्यता शून्य नाही, पण फार क्षीण आहे.

आता मला रात्री खरोखर सतावतं ते सांगते. जिवाणू आपापसांत जनुकं सर्रास देतात-घेतात, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कोलिस्टिन हे प्रतिजैविक आमचं शेवटचं अस्त्र आहे. कोंबड्यांचं वजन वाढावं म्हणून ते खाद्यात घालत होते. २०१५ मध्ये चीनमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारं, एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारणारं जनुक सापडलं. भारताने जुलै २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. आयसीयूत एकही प्रतिजैविक लागू पडत नाही असा तरुण रुग्ण समोर असतो तेव्हा बीटी वांग्यावरचा वाद मला फार दूरचा वाटतो. सर्दीला अँटिबायोटिक मागू नका, हे हात जोडून सांगते.

तिरशिंगराव

डॉक्टर, पण बीटी वांग्यातही प्रतिजैविकाला न जुमानणारी खूण-जनुकं होतीच ना? एनपीटी-२ वगैरे?

डॉ_मानसी

होती. रोपात जनुक नीट बसलं की नाही हे ओळखायला ती घालतात. कानामायसिनला न जुमानणारं ते जनुक मातीतल्या जिवाणूंत मुळातच मुबलक आहे, त्यामुळे वांग्यातून त्यात मोठी भर पडेल असं मला वाटत नाही. तरीही ताटात येणाऱ्या पिकात ती नकोतच. आता ती काढून टाकता येतात, मग ठेवायची कशाला?

मुक्ता_

एक गंमत इथे आणते, पण ती खरी आहे. रोपात जनुक घालायला शास्त्रज्ञ अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू वापरतात. तो निसर्गात हेच करतो: झाडाला जखम झाली की आपली काही जनुकं झाडाच्या पेशीत सोडतो. २०१५ मध्ये रताळ्याच्या जगभरातल्या २९१ लागवडीच्या वाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या सगळ्यांत या जिवाणूची जनुकं सापडली. माणसाने घातलेली नाहीत, हजारो वर्षांपूर्वी निसर्गाने घातलेली, आणि लोकांनी तीच रताळी निवडून वाढवली.

चिमण

म्हणजे एकादशीला आपण सगळे जिवाणूची जनुकं खातो! रताळ्याचा कीस आता मान देऊन खाईन.

सातारी_तर्री

चिमण, कीस खा पण साबुदाण्याचं काय ते आधी विचारून घे, नाहीतर उपवासाला पाणीच उरेल.

नाना_वाईकर

रताळ्याचं उदाहरण छान आहे. पण निसर्गाला हजारो वर्षं मिळाली, चुकलेली रोपं मरून गेली. कंपनीला तीन हंगामांत माल विकायचा असतो. दोन्ही एकाच तराजूत घालू नका.

मी वांग्यावर बोलतो, कारण धाग्याच्या मथळ्यात ते आहे. वांगं मूळचं आपल्याकडचं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, आमच्या कृष्णाकाठची काटेरी वांगी वेगळी, पुण्याकडचं मांजरी गोटा वेगळं. डोंगरात रानवांगी आहेत. जालन्याच्या महिकोने बीटी वांगं तयार केलं, १४ ऑक्टोबर २००९ ला जनुकबदलाला मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीने (जीईएसी) हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशभर सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी स्थगिती दिली, ती आजही उठलेली नाही. मला तो निर्णय तेव्हाही पटला आणि आजही पटतो. ज्या भूमीत एखाद्या पिकाचे शेकडो वाण आहेत तिथे पराग उडून ते जनुक त्यांच्यात शिरलं तर परत काढता येत नाही. कपाशीचं बी आम्ही दरवर्षी विकतच घेतो, वांग्याचं बी मात्र अजून घरोघरी राखलं जातं.

कोरडवाहू

नाना, वाण जपायला हवेत, एकदम मान्य. पण वांगं पिकवणाऱ्याचं दुखणंही ऐका. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आत शिरली की वरून काही दिसत नाही. म्हणून आठवड्यातून दोन-दोनदा फवारतात. आज सकाळी फवारलेलं वांगं उद्या मंडईत असतं. ग्राहक चमकदार, भोक नसलेलं वांगं मागतो. बीटी नको म्हणणाऱ्यांनी या विषाचं काय करायचं तेही सांगावं. बांगलादेशने २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली आणि तिथले शेतकरी ते पिकवतात. त्यांचं काय झालं हे आपल्या कृषी विद्यापीठांनी जाऊन पाहावं, अभ्यास करावा, आम्हाला मराठीत सांगावं.

सेंद्रिय_सई

अळी लागलेले शेंडे खुडून नष्ट करणं, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), मित्रकीटक, पिकाची फेरपालट यांनी वांग्यातली अळी आवाक्यात राहते. मी करते. पण वेळ आणि माणसं लागतात आणि भाव तोच मिळतो, हेही खरं. भोक असलेलं वांगं विकत घेणारं गिऱ्हाईक मिळालं तर माझा अर्धा प्रश्न सुटेल.

अटलांटाकर

इकडे अमेरिकेत मका, सोयाबीन, कपाशी, साखरेचं बीट यातलं बहुतेक सगळं जनुकबदल केलेलंच. तणनाशक सोसणाऱ्या सोयाबीनमधलं जनुकही एका जिवाणूचं, आणि तो सापडला तणनाशकाच्याच कारखान्याच्या सांडपाण्यात! तणनाशक मारमारून इथे दाद न देणारी तणं माजली आहेत, तुमच्या गुलाबी अळीसारखंच.

२००० साली स्टारलिंक नावाचा मका फक्त जनावरांसाठी मंजूर होता, तो माणसांच्या टाको शेलमध्ये सापडला आणि माल परत मागवावा लागला. पिकं एकदा मिसळली की वेगळी ठेवणं किती अवघड असतं, ते तेव्हा कळलं. १ जानेवारी २०२२ पासून इकडे 'बायोइंजिनिअर्ड' लेबल सक्तीचं आहे. पण अति शुद्ध केलेल्या तेल-साखरेत बदललेलं जनुक सापडत नसेल तर लेबल लागत नाही. ज्याला टाळायचं आहे त्याला टाळता येत नाही आणि ज्याला फरक पडत नाही त्याला कळतही नाही.

अंजनी

भारतात?

तिरशिंगराव

२०२१ पासून ठरावीक पिकं आयात करताना ती जनुकबदल केलेली नाहीत असा दाखला लागतो, चुकून मिसळ झाली तर १ टक्क्यापर्यंत चालते. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोंबडीखाद्य महागलं म्हणून सरकारने १२ लाख टन जनुकबदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली. आपल्या शेतकऱ्याला ते बी पेरायला बंदी आणि बाहेरच्या शेतकऱ्याने पिकवलेलं आपल्या कोंबड्यांना चालतं! धोका असेल तर दोन्हीकडे आहे, नसेल तर दोन्हीकडे नाही. यात विज्ञान कुठे आहे?

कोरडवाहू

हेच. सोयाबीनवाल्यांचा भाव तेव्हाच पडला.

शंतनू_नाशिक

थोडं पुढचं. क्रिस्पर हे जनुक कापण्याचं तंत्र मुळात जिवाणूंचं विषाणूंविरुद्धचं संरक्षण आहे. ते तसं काम करतं हे २००७ मध्ये सिद्ध झालं, आणि तेही दही-योगर्टमधल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जिवाणूवर. विषाणूमुळे विरजणं मरत होती म्हणून डॅनिस्को ही विरजण कंपनी कारण शोधत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच तंत्रावरच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या उपचाराला ब्रिटनने मंजुरी दिली.

सिकलसेल म्हटलं की मला गडचिरोली आणि नंदुरबार आठवतात. आदिवासी पाड्यांवरची मुलं त्या दुखण्याने तळमळताना पाहिली आहेत. अमेरिकेत त्या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर लावली आहे. जनुकबदलाला माझा विरोध नाही, उलट तो पाड्यापर्यंत पोचावा असं फार वाटतं. 'सुरक्षित आहे का' इतकंच 'कोणाला मिळणार' हेही विचारायला हवं.

डॉ_मानसी

शंतनू, अगदी. तोवर त्या मुलांना हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या आणि लग्नाआधी रक्ततपासणी झाली तरी खूप दुःख टळेल.

घननीळ

प्रोबायोटिकच्या बाटल्यांमध्ये जिवंत जिवाणू असतात, ते जनुक बदललेले असतात का?

प्रथिन

दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या प्रोबायोटिकमध्ये निवडून घेतलेले नैसर्गिक जिवाणू असतात. जनुक बदललेले जिवंत जिवाणू औषध म्हणून द्यायचे प्रयोग झाले आहेत. बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी चीज-ताकातल्या लॅक्टोकॉकसमध्ये दाह शमवणारं मानवी जनुक घातलं, आतड्याच्या क्रोन रोगासाठी. त्यांनी ते जनुक जिवाणूच्या थायमिडीन (डीएनए बनवायला लागणारा घटक) बनवणाऱ्या जनुकाच्या जागी बसवलं. त्यामुळे शरीराबाहेर थायमिडीन मिळालं नाही की तो मरतो. २००६ मध्ये रुग्णांवरची पहिली छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. औषध म्हणून ते पुढे यशस्वी ठरलं नाही, पण जीव बाहेर सोडण्याआधी त्याच्या मरणाची सोय करणं, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

सुमेधा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला रोज थोडं थोडं वाचून दाखवते आहे. कोरडवाहूंची पोस्ट ऐकून ती बराच वेळ बोलली नाही.

काल तिने विचारलं ते जसंच्या तसं लिहिते: "इन्सुलिन लागू पडतंय का हे मला बोटाला टोचून रोज कळतं. त्रास झाला तर डॉक्टर आहेत, कुपीवर बॅच नंबर आहे. वांगं खाऊन पाच वर्षांनी काही झालं तर ते वांग्याने झालं हे कोणाला कसं कळणार?" भावाकडे याचं उत्तर नव्हतं.

प्रथिन

काकूंचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात नेमका. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायला देशभर यंत्रणा आहे, वैद्यकीय महाविद्यालयांत केंद्रं आहेत, रुग्ण स्वतःही कळवू शकतो. अन्नासाठी तसं काही नाही. पिकाला मंजुरी देताना उंदरांना ९० दिवस खाऊ घालतात, अ‍ॅलर्जी तपासतात, पण बाजारात गेल्यावर कोणी काय खाल्लं याचा माग ठेवला जात नाही. लेबल नसेल तर ठेवताही येणार नाही.

डॉ_मानसी

एक बाजू राहते म्हणून जोडते. अमेरिकेत १९९६ पासून माणसं ही पिकं खात आहेत आणि त्यांच्यामुळे झालेला असा एखादा आजार ठामपणे पुढे आलेला नाही. याने मला बराच दिलासा मिळतो. पण काकूंना हवी ती खात्री नोंदींशिवाय देता येणार नाही, हे मान्य. आणि काकू, हे सगळं वाचून इन्सुलिनचा एकही डोस चुकवू नका.

नाना_वाईकर

मोहरीचंही हेच अडलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डीएमएच-११ या जनुकबदल केलेल्या मोहरीला त्याच समितीने पुढे जाऊ दिलं. तिच्यातली जनुकंही मातीतल्या जिवाणूंचीच. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा निकाल वेगवेगळा आला. राष्ट्रीय धोरण हवं यावर मात्र दोघांचं एकमत होतं. त्या धोरणात काकूंचा प्रश्न पहिल्या पानावर असावा.

सुमेधा_ठाणे

@कोरडवाहू, आईचा तुम्हाला एक निरोप आणि एक प्रश्न आहे. निरोप असा की फवारताना मास्क आणि हातमोजे घाला. प्रश्न असा की सरकीचं तेल आम्ही खावं की नाही?

कोरडवाहू

काकूंना नमस्कार सांगा. यंदा फवारणीचा पूर्ण पोशाख घेतला आहे, उन्हात घामाने जीव जातो तरी घालतो. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारत नाही आणि दुपारी बारानंतर पंप उचलत नाही.

तेलाचं डॉक्टरीणबाई सांगतील ते खरं. मला माहीत आहे ते एवढंच की रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरतच नाही, त्यामुळे बीटीची काळजी तिथे नाही. आमच्या घरी जवसाचं आणि शेंगदाण्याचं तेल घाण्यावरून आणतो, ते चवीसाठी. ढेप गाईला जाते आणि त्या गाईचं दूध माझी नात पिते.

पऱ्हाटी डिसेंबरातच उपटणार आहे. शेजारच्या तिघांना तयार केलं आहे, चौथा अजून फरदडीवर अडून आहे. त्याच्याशी बोलणं चालू आहे.